खांद्याची हळद

“कुणासाठी पाहिजे?” दुकानदारानं विचारलं.

“हिच्यासाठी,” हे म्हणाले आणि सरळ माझ्याकडं बोट केलं.

बेळगावातलं बंदुकीचं दुकान. भिंतीला ओळीनं रायफली टांगलेल्या, आणि त्यांच्यासमोर मी नाकात नथ घालून उभी. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. चुलीपुढच्या फुंकणीखेरीज दुसरी कुठली नळी मी आयुष्यात हातात धरली नव्हती. आणि माझा नवरा एका परक्या माणसाला सांगत होता, की बायकोला डुक्कर मारायला रायफल हवीय, जरा हलका दणका देणारी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी माझ्याकडं असं काकुळतीनं बघितलं की मी ते मिटलं. माझं तोंड मिटणं ही तेव्हासुद्धा रोजची गोष्ट नव्हती.

“घ्या की,” दुकानदार म्हणाला. अण्णा कलघटगी त्याचं नाव. पोट सुटलेला, कपाळाला विभूती, बोलणं कानडी हेलाचं. “माझ्याकडं येणारा प्रत्येक गडी असली रायफल बायकोसाठीच घेतो बघा. या मुलखातल्या बायकांनी खरंच शिकार केली असती, तर रानात एक डुक्कर उरलं नसतं की.”

यांचे कान लाल झाले. मला हसू आवरेना, पण आवरलं. कारण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

आमचं गाव सोनघळ. आजऱ्याच्या पलीकडं, घाटाच्या तोंडाशी. शिकारीवर बंदी यायच्या आधीच्या काळातली ही गोष्ट. शिमगा झाला की दुसऱ्या दिवशी सगळं गाव पारधीला रानात जायचं, आणि पहिला बार टाकायचा मान आमच्या घराचा, म्हणजे थोरल्या सरनोबतांचा. पहिल्या बाराला डुक्कर पडलं तर देवी वर्षभर पिकं राखते म्हणायचे. पण नुसतं डुक्कर पाडून भागत नव्हतं. पारध परतली की बार टाकणारा देवळाच्या पायरीवर सदरा काढून बसायचा आणि घरातली वडीलधारी सवाशीण त्याच्या खांद्याला सगळ्यांसमोर हळद लावायची. बंदुकीच्या दणक्यानं खांदा काळानिळा झालेला गावाला दिसला पाहिजे. ज्याचा खांदा सुजला नाही त्याचा बार खरा नाही, अशी आमच्या गावाची समजूत. आता याला काय म्हणावं? दुसरीकडं माणसं मार चुकवतात, आमच्याकडं मिरवायची.

तो दणका द्यायला घरात एक बंदूकही होती. साडेचारशे बोअरची विलायती दुनळी. यांच्या पणजोबांनी कुणा गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. तिला घरात सगळे ‘थोरली’ म्हणायचे. खंडेनवमीला तिला हार घालायचे आणि मगच घरातल्या माणसांना जेवायला मिळायचं. हत्ती मारायला बनवलेली ती बंदूक, आणि आमच्या पारधीत पडणारं मोठ्यात मोठं जनावर म्हणजे डुक्कर. पण हे बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण समोर मामंजी होते. माझे सासरे, आबासाहेब सरनोबत. मिशा अशा की बघूनच सुनेचा पदर डोक्यावर यावा.

मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि थोरली यांच्या हातात आली. पहिल्याच बाराला यांचं खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पुढं दोन शिमगे हे चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून घ्यायचे. डुक्कर एकीकडं, गोळी दुसरीकडं. एका वर्षी तर कुणाच्या तरी आंब्याची फांदी पडली. गावानं नावं ठेवायला सुरुवात केली, आणि धाकट्या घरातले आमचे चुलतदीर हिंदुराव मिशीला पीळ भरू लागले. यंदा चुकलं तर मान हिंदुरावकडं, असं गावकीत ठरलंसुद्धा.

त्यातच थोरलीची काडतुसं संपली. विलायतेहून यायची कधीच बंद झाली होती. मामंजींनी यांना बोलावून सांगितलं, “बेळगावला जा आणि नवी घेऊन ये. पण खांदा फोडणारी आण. बायकी बंदूक या घरात आणलीस, तर गावकीची वाट बघणार नाही. मीच माझ्या हातानं मान हिंदुरावला देऊन टाकीन.”

बेळगाव माझं माहेर, म्हणून मीही निघाले. एसटीत खिडकीकडं तोंड करून हे एकदम म्हणाले, “तुला एक सांगू? मी भित्रा आहे. बापानं नाव रणधीर ठेवलं, आणि मला बंदुकीला हात लावला की घाम फुटतो. पणज्यापास्नं आमच्या घरात कुणी थोरलीला घाबरलं नाही. मीच पहिला निघालो.”

इतका भला माणूस. गुरं आजारी पडली तर गोठ्यात झोपणारा, माझ्या आईला सांधेदुखीचं तेल स्वतः घेऊन जाणारा. आणि एका लोखंडाच्या नळीपायी स्वतःला भित्रा म्हणवून घेत होता. माझा असा संताप झाला! पण संताप करायचा कुणावर? थोरलीवर?

तर अण्णा कलघटगी आम्हाला जीपमध्ये घालून गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत घेऊन गेला. समोर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि यांच्या हातात एक मोठी रायफल दिली. “बाईंसाठी घेताय ना? मग आधी तुम्हीच बघा मारून.”

यांनी नेम धरला. डोळे मिटले. अंग आखडलं, खांदा मागं घेतला, चाप ओढला. नुसतं ‘खट्’ झालं, आणि हे मात्र खरंच गोळी सुटल्यासारखे जागच्या जागी उडाले.

“काडतूस घातलंच नव्हतं की,” अण्णा म्हणाला.

हे खजील होऊन उभे. मला अण्णाचा राग आला. “काय हो, माणसाची थट्टा करता?”

“थट्टा नाही हो बाई. रोग कळल्याशिवाय औषध कसं देऊ? हे डुकराला चुकवत नाहीत, दणक्याला चुकवतात. दणका बसायच्या आधीच अंग चोरतंय. ह्यांचा नेम वाईट नाही, हे ह्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही एवढंच.”

मग त्यानं दुसरी रायफल काढली. दोनशे पंच्याहत्तर बोअर. लांब नळी, साधा अक्रोडी दस्ता, आणि काडतूस माझ्या करंगळीएवढं.

“एवढीशी?” मी म्हटलं. “याच्यानं डुक्कर मरतं?”

“डुक्कर काय, सांबर मरतंय. जागेवर लागली पाहिजे बस. बारूद बेताची, गोळी हलकी, म्हणून मागं ढकलणारा जोर कमी. आणि बंदूक मुद्दाम जरा जड आहे बघा. बंदूक जड असली की दणका तीच खाते, माणसाला कमी उरतो. हलकी बंदूक आणि मोठं काडतूस, ही जोडी म्हणजे खांद्याची दुश्मन. लोक हातात घेऊन वजन बघतात आणि उलटंच समजतात.”

हे कळल्यावर मला बरं वाटलं. मामंजींनी हातात घेतली तर जड लागेल, आणि त्यांचं समाधान होईल.

पहिली गोळी यांनी डोळे मिटूनच मारली. मग हे तसेच थांबले. खांद्याला हात लावून बघितला. “झालं?” म्हणाले. दुसरी मारताना एक डोळा उघडा होता. तिसरीला डबा उडाला. मी टाळ्या पिटल्या, अण्णानं खिशातून तपकीर काढली. आणि माझा नवरा, हो, तीन वर्षांत बंदूक हातात घेऊन पहिल्यांदा हसला.

परतीच्या एसटीत हे पुन्हा खिडकीकडं वळले. “डुक्कर पडेल गं. पण खांदा? खांद्यावर काहीच उमटत नाही. पायरीवर सदरा काढला की आबांना कळणार.”

“ते माझ्यावर सोडा,” मी म्हटलं.

घरी मामंजींनी रायफल हातात तोलली. “वजन आहे,” म्हणाले. “दणका?”

“विचारू नका,” हे म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस जितकं बोलतो तितकंच. मी आपली मागून पुस्ती जोडली, “दुकानदारसुद्धा म्हणाला, जपून मारा, खांदा निखळेल.” मामंजी खूश झाले आणि आत गेले.

पारधीच्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार लावून घेतलं आणि यांना पाटावर बसवलं. कपड्यांना घालायची नीळ, थोडी दिव्याची काजळी, खोबरेल तेल. बोटानं असा काही खांदा रंगवला की बघणाऱ्याला वाटावं, बैलानं शिंग मारलंय. मधेच दार वाजलं. बाहेर आत्याबाई, माझ्या सासूबाई. “जरा दार उघड गं, काम आहे.”

“कपडे बदलताहेत हो हे! नंतर या.”

“नंतर उशीर होईल.”

“होऊ दे!” मी ओरडले. घाईच इतकी होती. त्या बिचाऱ्या परत गेल्या.

बायका रानात जायच्या नाहीत. आम्ही देवळासमोर बसलो. रान उठवणाऱ्या हाकेवाल्यांचे ढोल आणि आरोळ्या लांबून ऐकू येत होत्या. मग एकच बार झाला. थोरलीचा आवाज म्हणजे डोंगर हादरायचा, हा आपला कोरडा आणि बारीक. जमलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पण माझं सगळं लक्ष दुसऱ्या बाराकडं होतं. दुसरा बार होतोय म्हणजे पहिला चुकलाय. मी देवीला नवस बोलले, परत बोलले, आणि दुसरा बार काही झाला नाही.

थोड्या वेळानं पोरं नाचत आली. मागून बांबूला बांधलेलं डुक्कर. चांगलं सुळेवालं. कानामागं एकच गोळी, जागच्या जागी पडलेलं. यांना लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे खांद्यावर घ्या, पण यांचा खांदा घासू नका रे बाबांनो!

हे पायरीवर बसले. सदरा काढला. खांदा बघून गावानं ‘अरारारा’ केलं. मामंजींनी मान हलवली. माझी छाती गजभर फुगली. आत्याबाई हळदीची वाटी घेऊन पुढं आल्या, पाण्यात कालवलेली हळद बोटांवर घेतली आणि खांद्याला चोळली.

खांदा हिरवा झाला.

थोडाथोडका नाही, पोपटासारखा हिरवा. आत्याबाईंचा हात तिथंच थांबला. नीळ आणि हळद एकत्र झाली की काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रंगपंचमीला ढीगभर रंग कालवले होते मी. पण अक्कल ऐन वेळी कुठं गेली होती देव जाणे.

“आमच्यात मार लागला की काळंनिळं होतं,” हिंदुराव सावकाश म्हणाले. “थोरल्या घरात हिरवं होतं काय?”

“पाल्याचं औषध लावलं होतं सकाळी,” आत्याबाई म्हणाल्या.

“मार बसायच्या आधीच औषध? वा काकी! मग पडायच्या आधीच प्लास्टर का नाही घातलं?”

सगळं गाव हसलं. हे मान खाली घालून बसले होते. कानामागं मारलेलं एवढं मोठं डुक्कर समोर पडलं होतं, आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मला वाटलं पुढं व्हावं आणि हिंदुरावांच्या मिशा धरून हिसडाव्या.

“पोरकट बंदूक आहे,” हिंदुराव गावकीकडं वळून म्हणाले. “आवाजावरनंच कळलं. मान आता आमच्याकडं—”

“आण इकडं,” मामंजी म्हणाले.

त्यांनी यांच्या हातातून रायफल घेतली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून लोकांना बाजूला सारून देवळामागच्या मुरमाच्या उंच बांधाकडं वळले. कुणीतरी हात धरून दिशा दाखवली. त्यांनी दस्ता खांद्याला लावला. मी डोळे मिटले. आता कळणार मामंजींना, आता मान आपल्या हातानं देऊन टाकणार.

बार झाला. मी डोळे उघडले तर मामंजी गुडघ्यावर.

“आई आई गं!” त्यांनी खांदा गच्च धरला होता. “मेलो! काय दणका आहे रे देवा! थोरली बरी हिच्यापुढं!”

चार माणसं धावली. आत्याबाई वाटी टाकून धावल्या. मामंजी विव्हळत उठले, तोंड वाकडं करून रायफल हिंदुरावांपुढं धरली. “घे. तुला मान पाहिजे ना? एक बार टाक. तुझाही खांदा बघू दे गावाला.”

हिंदुरावांनी रायफलीकडं बघितलं. मामंजींच्या घामाघूम तोंडाकडं बघितलं. हात पुढं आला आणि मागं गेला.

“मारला असता,” ते म्हणाले, “पण आज माझी एकादशी आहे.”

“शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी कसली रे एकादशी?” गुरवानं विचारलं, आणि मग जे गाव हसलं, ते हसणं हिंदुरावांना आयुष्यभर पुरलं. नंतर कित्येक वर्षं त्यांना पोरं ‘एकादशी’च म्हणायची. मान आमच्या घरी राहिला. मटणाचे वाटे पडले, मानाचं डोकं आमच्याकडं आलं.

घरी आलो. हे मागच्या दारी न्हाणीत खांदा घासत बसले. मामंजी सोप्यातल्या बाकावर टेकले. आता विव्हळणं नव्हतं काही नव्हतं, चांगला चहा मागितला. मी कप ठेवून पळणार, तोच म्हणाले, “सूनबाई, नीळ ही अक्कल कुणाची?”

लपवून काय उपयोग? “माझी,” म्हटलं.

“नीळ वापरतात होय? बिब्बा लावायचा. तेलात खलून, हलक्या हातानं. आग होते, खाज सुटते, पण असा काळानिळा डाग उठतो की हळद काय, साबणानं जात नाही.”

माझा कानांवर विश्वास बसेना. “तुम्हाला कसं ठाऊक?”

मामंजींनी आत्याबाईंकडं बघितलं. त्या उंबऱ्याशी बसून मसाल्याला लवंगा निवडत होत्या. “सांग तिला आता,” ते म्हणाले.

“मी ह्यांच्या अंगरख्यात गादी शिवायची,” आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या. “सावरीच्या कापसाची, आतल्या बाजूनं. गादी असली की दणका लागत नाही. दणका लागला नाही की डाग नाही. म्हणून वरनं बिब्बा. माझ्या सासूनं मला शिकवलं, तिला तिच्या सासूनं.”

“म्हणजे या घरात कुणाचाच खांदा कधी—”

“थोरलीचा दणका उघड्या खांद्यावर घेणारा गडी अजून जन्माला यायचाय बाई.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासरा बघितला नाही, सासू बघितली नाही. “आणि यांना का सांगितलं नाही? यांचं हाड मोडलं! पोटचा पोरगा ना तुमचा?”

“मुलाला सांगायची रीत नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “बापाचं मुलाला कळू द्यायचं नाही. सुनेला सांगायची रीत आहे. तेव्हा सून कुठं होती घरात? सांगू कुणाला?” त्यांनी लवंगा बाजूला सारल्या. “माझं मलाच ठाऊक त्या दिवशी मी कशी राहिले ते. म्हणून तर तेव्हापासनं लग्नाच्या मागं लागले ह्याच्या. आज सकाळी गादी घेऊन तुझ्या दाराशी आले, तर तू दार उघडेनास.”

तेवढ्यात मागं चाहूल लागली. हे दारात उभे होते, उघडे, खांदा अजून हिरवा. सगळं ऐकलं होतं.

“आबा,” हे म्हणाले. “तुम्हीसुद्धा?”

मामंजींनी मिशीवर हात फिरवला. एवढा मोठा माणूस, पण मुलाकडं बघवेना. “हं,” म्हणाले.

“आणि आजोबा?”

“त्यांना दोन गाद्या लागायच्या,” आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं हे आता हसतील, नाहीतर चिडतील. यातलं काहीच केलं नाही. चौकटीला टेकून उभे राहिले. “इतकी वर्षं मी मलाच भित्रा म्हणत आलो,” म्हणाले. “आबा, एकदा तरी सांगायचं.”

“सांगितलं असतं तर भीती गेली असती काय तुझी?” मामंजी कसेबसे म्हणाले.

“नसती गेली. पण एकट्याला नसती वाटली.”

मलाच रडू फुटलं, आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग मामंजी बाकावर थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली. हे जाऊन तिथं बसले. त्या बाकावर बापाशेजारी बसलेलं मी यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.